मगदूम बाईंच्या पेशी

मगदूम बाईंनी पिशवीतून फोटो काढला, माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "ह्या माझ्या का?"

तीन जिने चढून आल्या होत्या त्या. लिफ्टपुढची रांग बघून जिन्यानं आले म्हणाल्या. उजवा गुडघा साडीच्या आडूनही सुजलेला कळत होता. हातात काठी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळावर घाम. तरी श्वास माझ्यापेक्षा संथ.

फोटो गुळगुळीत कागदावर मोठा करून छापलेला होता. काचेसारख्या तळावर पेशींची दाट वीण, एकीला एक खेटून, मधे सुई जायला जागा नाही. तो फोटो मी चांगलाच ओळखत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, उत्तम वाढल्यात. मी तुला विचारतेय."

"डॉक्टरांनाच विचारलेलं बरं, बाई."

"हे बघ, सामन्यात पोरगी बाद झाली का नाही, हे मी टाळ्या वाजवणाऱ्याला विचारत नाही. जी जवळ उभी होती तिला विचारते. रोज ह्या पेशींजवळ कोण असतं? डॉक्टर का तू?"

"मी."

"मग?"

ही २००८ सालची गोष्ट. सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी चादरी-गाद्या ठेवायच्या त्या खोलीत डॉक्टर परुळेकरांनी प्रयोगशाळा उभी केली होती. मी सत्तावीस वर्षांची. नाव अमरजा जंगम. पीएचडीचं काम तिथंच चाललं होतं आणि पेशी वाढवायचं सगळं कामही माझ्याकडंच होतं. रुग्णाच्या गुडघ्यातून तांदळाच्या दाण्याएवढा कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत अस्तराचा, तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, गुलाबी पोषणद्रवात उबेला ठेवायच्या, रोजच्या रोज बघायच्या. पाच-सहा आठवड्यांत त्यांच्या एक कोटीच्या वर पेशी झाल्या, की डॉक्टर त्या परत त्याच रुग्णाच्या गुडघ्यात, जिथं अस्तर फाटलंय तिथं बसवायचे. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसांत हे छान जमत होतं. पन्नाशीच्या पुढचं कुणी आम्ही घेत नव्हतो.

मगदूम बाई बासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी नियम बाजूला ठेवला, कारण त्या मगदूम बाई होत्या. एका मुलींच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं खेळ शिकवला, नऊ-नऊ पोरींचे खो-खोचे संघ घडवले. जिल्ह्यात निम्म्या घरांत त्यांच्या हाताखालून गेलेली एक तरी बाई निघायची. निवृत्त झाल्यावरही रोज मैदानावर. साठाव्या वर्षी पोरींना खांबावर झेप कशी घ्यायची ते स्वतः करून दाखवायला गेल्या आणि गुडघ्यावर आपटल्या. दहाच्या नाण्याएवढं अस्तर निघालं होतं.

येत्या रविवारी रुग्णालयाच्या नव्या विभागाचं उद्घाटन होतं. बाईंची शस्त्रक्रिया त्यानंतरच्या गुरुवारी. पण रविवारी बाईंनी व्यासपीठावरून चार शब्द बोलायचे, असं ठरलं होतं. मागच्या फलकावर त्यांच्या पेशींचा हा फोटो आणि वर मोठ्या अक्षरात: 'वय साठ, गुडघा विशीचा!'

"गप्प का झालीस?" बाई म्हणाल्या.

मी उठले. त्यांना बुटांवर घालायच्या पिशव्या दिल्या, अंगात झगा दिला. रुग्णांना आत न्यायची परवानगी नव्हती. इन्क्युबेटर उघडून मी त्यांचा फ्लास्क काढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, काच जुळवली आणि बाजूला झाले.

बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अंगण तेवढं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पोरी कुठं आहेत?"

"त्या मोठ्या, पसरट दिसतात ना, एकमेकींपासून लांब? त्याच. पाच आठवड्यांत एक कोटी व्हायला पाहिजे होत्या. वीस लाखांवर अडकल्यात. दहा दिवस झाले, वाढच नाही."

"का नाही?"

"बाई, कूर्चेत रक्तवाहिनी नसते. हात कापला तर रक्त येतं आणि रक्ताबरोबर डागडुजीचं सामान येतं. इथं बाहेरून काही येत नाही. जे काय सांधायचं ते ह्या पेशींनीच, आणि त्याही मोजक्या, आपापल्या कोनाड्यात एकट्या बसलेल्या. तरुण असताना त्यांना बाहेर काढून खायला घातलं की भराभर वाढतात. वय झालं, की मग..."

"बोल की. वय माझंय, तू कशाला लाजतीस?"

मी फ्लास्क बाजूला करून काचेची एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आदल्या दिवशीच मी त्यांच्या थोड्या पेशींवर रंगाची परीक्षा केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःला बघायचं होतं. "जिनं विभागणं कायमचं थांबवलंय, ती पेशी ह्या परीक्षेत निळी होते," मी म्हटलं.

बाई पुन्हा वाकल्या. "निळंच आहे की सगळं."

"शंभरात सत्तर."

"मेल्यात?"

"नाही. जिवंत आहेत. खातात, पितात. वाढत मात्र नाहीत. आणि वर असा काही रस सोडत राहतात, की शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात."

मला वाटलं होतं बाईंना धक्का बसेल. त्या हसल्या. "होते की असे दोघंजण आमच्या स्टाफरूममध्ये. निवृत्तीला दहा वर्षं होती, पण मनानं कधीच घरी बसलेले. नवीन कुणी आलं की कानाशी लागायचे, कशाला मरताय, इथं काही होणार नाही." मग हसू थांबलं. "उरलेल्या तीस?"

"त्या वाढतात. पण हळू. आणि ह्यांच्या गराड्यात."

"आणि हा फोटो कुणाचा?"

"बावीस वर्षांच्या एका मुलाच्या पेशी आहेत. मोटारसायकलवरून पडला होता."

बाई स्टुलावर बसल्या. उजवा पाय लांब केला. "म्हणजे डॉक्टरांनी माझ्या नावावर त्याचा फोटो लावला."

मी फ्लास्क परत इन्क्युबेटरमध्ये ठेवला. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी होकार असा अर्थ घेतला आणि मी तो घेऊ दिला.

"गुरुवारी माझ्या गुडघ्यात मग काय घालणार?"

"ज्या आहेत त्याच. डॉक्टरांचं म्हणणं, तुमचे स्नायू इतके घट्ट आहेत की तुम्ही तशाही सुधाराल."

"तू काय म्हणतीस?"

"मला वाटतं काही होणार नाही. झालं तर वाईट होईल."

"आणि रविवारी मी माईकवरून सांगायचं, बायांनो, माझं बघा आणि तुम्हीपण या." त्यांनी फोटो उचलून पिशवीत घातला. "माझ्या पहिल्या संघातल्या पोरी आता पन्नाशीच्या झाल्यात, जंगम. सगळ्यांचे गुडघे दुखतात. सगळ्या येणारेत रविवारी. मी बोलले की सोमवारी त्या इथं रांग लावतील."

"नका जाऊ तुम्ही," मी म्हटलं. "बरं नाही म्हणून कळवा."

"तेहतीस वर्षं नोकरी केली. आजारी असल्याची खोटी चिठ्ठी एकदाही दिली नाही." काठी टेकत त्या उठल्या. दारात थांबल्या. "तुझं नाव घेणार नाही. घाबरू नकोस."

रविवारी सकाळी रुग्णालयाच्या अंगणात मांडव घातला होता. अडीचशे खुर्च्या भरलेल्या. समोरच्या चार रांगांत बाईंच्या जुन्या खेळाडू. कुणी शिक्षिका, कुणी पोलिसात, कुणी दुकान चालवणारी. बाई व्यासपीठावर चढल्या तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या. पन्नाशीच्या बायका, सिल्कच्या साड्या नेसून, दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होत्या. पाहुणे दचकलेच.

डॉक्टर परुळेकर छान बोलले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही सांगितलं पाहिजे. त्यांची आई शेवटची आठ वर्षं गुडघ्यांमुळं अंथरुणाला खिळून होती. म्हाताऱ्या माणसांचं दुखणं 'वय झालं' म्हणून झटकून टाकायची त्यांना खरीच चीड होती. त्या चिडीपोटीच त्यांनी ती खोली रिकामी करून प्रयोगशाळा मांडली होती, मला हाताला धरून शिकवलं होतं. पण नवा विभाग उभा राहिला आणि त्यांना आता नाही म्हणणारं उत्तर ऐकायचं नव्हतं.

मग बाईंच्या हातात माईक आला.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "माझ्या मागं जो फोटो लावलाय, त्या पेशी माझ्या नाहीत."

लोक हसले. काहीतरी गंमत आहे असं वाटलं त्यांना.

"हसू नका. त्या एका बावीस वर्षांच्या पोराच्या आहेत. माझ्या मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. वाढलेल्या नाहीत. निम्म्याच्या वर दमून बसल्यात. तेव्हा समोरच्या चार रांगांना सांगते, उद्या इथं येऊन रांग लावू नका. पंचविशीतल्या पोरांना इथं गुण येतो, ते खरं आहे. आपल्या वयाला येतो का, ते अजून कुणाला माहीत नाही. मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. माहीत झालं की सांगतील. तोवर विशीचा गुडघा वगैरे काही नाही. माझा गुडघा बासष्टचा आहे, आणि बासष्टचा म्हणूनच त्याच्यावर इलाज करा."

डॉक्टर उठले. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज त्यांनी सांभाळला. दुसरा माईक घेऊन म्हणाले, "बाईंचा गैरसमज झालाय. किंवा असं म्हणू, आमच्याकडून एक तांत्रिक गडबड झाली. लॅबमधून चुकून दुसऱ्या रुग्णाचा फोटो आला. त्याबद्दल मी दिलगीर आहे."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. चूक काय, कुणाकडूनही होते. बाईसुद्धा क्षणभर अडखळल्या. फोटो कसा बदलला ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

मी डावीकडच्या शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून उभी होते. तिथून व्यासपीठापर्यंत आवाज जायला ओरडावं लागलं.

"चुकून नाही!"

अडीचशे माना वळल्या.

"चुकून नाही आला, सर. मी दिला."

दहा दिवसांपूर्वी डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, फलकासाठी एक चांगला फोटो दे, बाईंच्या नावानं. मी म्हटलं, बाईंचा चांगला फोटो नाहीये, सर. ते म्हणाले, चांगला दे. एवढंच. मी त्या मुलाचा फोटो संगणकावर उघडला. खाली कोपऱ्यात त्याचा क्रमांक होता, वय होतं. ती पट्टी मी कापली. तीन मिनिटांचं काम. कापताना मला कळत होतं मी काय करतेय. मार्गदर्शक म्हणून त्यांची सही लागणार होती माझ्या प्रबंधावर, आणि मी कापली.

हे सगळं मी त्या मांडवात सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधे रडले, वाक्यं अर्धी सुटली. पण क्रमांकाची पट्टी मी कापली, हे दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी मागितला हेही सांगितलं. बाई व्यासपीठावरून माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं मला वाचता आलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं. ओरडले नाहीत. "तू मला एकट्यात सांगायचं होतंस, अमरजा," म्हणाले.

"तुम्हीही मला एकट्यातच सांगितलं होतंत, सर."

त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. "उद्यापासून येऊ नकोस."

मंगळवारी दुपारी मी घरी पडून होते. आई जेवायला उठवून थकली होती. बाहेर काठीचा आवाज आला आणि मगदूम बाई थेट माझ्या खोलीत शिरल्या.

"त्या दिवशी लपवलंस माझ्यापासून," त्या म्हणाल्या.

"हो."

"का?"

"तुमच्या नजरेतून उतरेन म्हणून."

"उतरलीस. मांडवात बोललीस तेव्हा परत चढलीस. तो विषय संपला." खुर्ची ओढून त्या बसल्या. "आता सांग, माझ्या पेशी कुठं आहेत?"

"गुरुवारची शस्त्रक्रिया आता होणार नाही, तेव्हा फ्लास्कमधल्या टाकून दिल्या असतील. पण सुरुवातीलाच चार नळ्या भरून गोठवल्या होत्या. नायट्रोजनच्या टाकीत आहेत. त्याही टाकतील आता."

"का टाकतील? माझ्या आहेत. ह्या पेशी का दमतात, ते तू शोधत होतीस ना? कुणी सांगितलं नसताना ती निळी परीक्षा केलीस, ती कशाला?"

"बाई, माझी पीएचडी बुडाली. प्रयोगशाळा गेली."

"सांगलीतली गेली. दुनियेत एकच आहे का?"

पुण्याला माझ्या एमएस्सीच्या मॅडम होत्या. बाईंनी फोन समोर ठेवला आणि मी बोलेपर्यंत उठल्या नाहीत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शिष्यवृत्ती लगेच देता येणार नाही. टेबल देते. पेशी घेऊन ये."

बुधवारी बाई लेखी अर्ज घेऊन डॉक्टरांपुढं बसल्या. माझ्या शरीरातून काढलेल्या पेशी माझ्या इच्छेनं संशोधनासाठी पुण्याला द्याव्यात. मी दाराबाहेर उभी. डॉक्टरांनी अर्ज वाचला. "द्यायला हरकत नाही. पण आमच्याकडं न्यायचा कंटेनर एकच आहे, तो मला देता येणार नाही. उणे दोनशेच्या जवळ तापमान लागतं, बाई. पिशवीत घालून नेता येत नाहीत."

"थांबा," बाई म्हणाल्या.

तासाभरात रुग्णालयाच्या दारात एक जीप आली. बाईंच्या ब्याण्णवच्या संघातली राजाक्का ऐनापुरे उतरली. ती मिरज तालुक्यात गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायची. तिच्या हातात वळूचं रेत गोठवून न्यायचं तिचं रोजचं अॅल्युमिनियमचं नायट्रोजनचं कॅन होतं, पुसून लख्ख केलेलं. झाकण उघडलं तसा पांढरा धूर उसळला.

"सोमवारपर्यंत टिकतंय," राजाक्का डॉक्टरांना म्हणाली. "माझा वळू राहतोय, तर आमच्या बाई का नाही राहणार?"

डॉक्टर परुळेकर पहिल्यांदा हसले. मग स्वतः टाकीशी गेले. हातमोजे घातले, चारही नळ्यांवरची लेबलं एकेक करून मोठ्यानं वाचली आणि चिमट्यानं कॅनमध्ये सोडली. अर्जावर सही केली. माझ्याकडं बघितलं नाही.

पुण्याच्या वाटेवर जीप कराडच्या पुढं गेल्यावर बाई मागच्या सीटवर, दोन पायांत ते कॅन घट्ट धरून झोपल्या. गुडघा दुखत असणार. पाय हलवला नाही.

पुण्यात चारपैकी दोन नळ्यांतल्या पेशी मेलेल्या निघाल्या. तिसरीत बुरशी झाली. चौथी जगली.

पुढची नऊ वर्षं त्या पेशींवर गेली, आणि नंतर त्यांच्यासारख्या, पासष्ट-सत्तरीच्या माणसांनी दिलेल्या इतर पेशींवर. पीएचडी सात वर्षांनी झाली. पहिला लेख तीन ठिकाणांहून परत आला. म्हाताऱ्या पेशी म्हाताऱ्याच असणार, त्यात बघायचं काय, असं एकानं लिहिलं होतं. बाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याचं वय विचार.

त्यांनी स्वतः तीन वर्षांनी कृत्रिम सांधा बसवून घेतला. तोवर मैदानात उंच स्टुलावर बसून शिकवायच्या. सांधा बसल्यावर स्टूल शाळेला देऊन टाकलं.

ज्या दिवशी माझ्या प्रयोगाचा आकडा तिसऱ्यांदा तोच आला, त्या दिवशी मी प्रयोगशाळेतूनच त्यांना फोन लावला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. पलीकडून मुलींचा गलका ऐकू येत होता.

"बाई, निळ्या पेशी बाजूला काढायला जमलंय. एका औषधानं, बशीत. त्या हटल्या तशा उरलेल्यांतल्या काही कामाला लागल्या. तुमच्या पेशी, बाई. जुन्याच. नवीन कूर्चा बांधायला लागल्यात."

"गुडघ्यात कधी?"

"ते लांब आहे. खूप लांब. सध्या फक्त बशीत. आणि थोड्याच आहेत, आधीच सांगते."

"थोड्या म्हणजे किती? नीट सांग. फोटो नको."

"शंभरात नऊ."

पलीकडं गलका चालूच होता. कुणीतरी खो दिला, पावलं धावली.

"नऊ?" बाई म्हणाल्या. "अगं, मग पूर्ण संघ झाला की. उतरव मैदानात."

आणि त्यांनी फोन न ठेवताच शिट्टी वाजवली.